सुपरटक्सकार्ट सोर्सवरून कंपाइल होत नाहीये, ओपनएएलवर अडलंय

सीपीपी_शिकाऊ:
मंडळी, उबंटू २२.०४, लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम, उबंटूच्या रिपॉझिटरीतलं तयार १.३ चालतं मस्त पण मला गाडी वळवायचा कोड बदलून बघायचाय म्हणून गिटवरून सोर्स कोड क्लोन केला. सीमेक (कंपाइलची तयारी करणारं टूल) आधी अ‍ॅसेट्स (ट्रॅक, गाड्यांच्या फाइल्स) नाहीत म्हणालं, तो चेक बंद करायचा पर्याय मेसेजमध्येच होता म्हणून बंद केला, तर आता ओपनएएल ही आवाजाची लायब्ररी सापडत नाही म्हणतंय. अहो पण ओपनएएल आहे ना, बाकीच्या गेम्सचा आवाज येतो की! दोन संध्याकाळी गेल्या यात.

टर्मिनलवाला:
तुझ्याकडे आहे ती चालवायची लायब्ररी. कंपाइल करायला हेडर फाइल्स लागतात, त्या उबंटूत वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, नावाच्या शेवटी डेव्ह असतं बघ. लिबओपनएएल-डेव्ह टाक, पण मग कर्ल, मग फ्रीटाइप असं एकेक अडत राहील, त्यापेक्षा सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये सोर्स कोडची टिक लाव आणि अ‍ॅप्टचं बिल्ड-डेप (एखाद्या पॅकेजला कंपाइलसाठी लागणारं सगळं टाकणारी कमांड) चालव, बहुतेक सगळं एकदम येतं. शेडरसी ही लायब्ररी राहिली तर ती वेगळी टाक, व्हल्कन ग्राफिक्ससाठी लागते.

रात्रपाळी:
चेक बंद केलास ते मात्र परत चालू कर. गिटवर फक्त कोड आहे, ट्रॅक, गाड्या, म्युझिक सगळं सोर्सफोर्जच्या सबव्हर्जनवर, स्टीके-अ‍ॅसेट्स नावाने. ते स्टीके-कोडच्या शेजारी ठेवायचं, आत नाही. नाहीतर कंपाइल होईल आणि खेळायला ट्रॅकच नसतील. आणि ४ जीबीत मेकला (कंपाइल चालवणारी कमांड) सगळे कोर देऊ नकोस, मेमरी संपली की कंपायलर मध्येच किल्ड होतो आणि आपण उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो, जे २, म्हणजे एका वेळी दोनच कामं, पुरे. पहिल्यांदा वेळ लागेल, नंतर एक सीपीपी फाइल बदललीस तर तेवढीच परत होते.
अजून एक, गाडी किती झटकन वळते ते आकडे डेटा फोल्डरमधल्या कार्ट कॅरॅक्टरिस्टिक्सच्या एक्सएमएलमध्ये आहेत, त्याला कंपाइल लागतच नाही. कोडच बघायचा असेल तर कार्ट्समध्ये कंट्रोलर, त्यात प्लेअर कंट्रोलरची फाइल.

सीपीपी_शिकाऊ:
झालं!! शेडरसी खरंच राहिलं होतं. अ‍ॅसेट्स उतरायला जेवण होईपर्यंत वेळ लागला, जे २ ने एकदाही किल्ड नाही झालं. एक्सएमएलमधले आकडे वाढवून बघितले, गाडी आता ट्रकसारखी वळते, आता प्लेअर कंट्रोलर उघडतो. दोघांचे मनापासून आभार.