बॉन्ड भरून मोकळं व्हावं की वर्षभर पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) जावं? सोलापूरकरांचं मत हवंय

प्रश्न – पूर्वभागातली_लेक

नमस्कार, मी सोलापूरचीच. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं, इंटर्नशिप संपत आलीय. बॉन्डप्रमाणे एक वर्ष सरकारी सेवा करायची नाहीतर १० लाख भरायचे. घरात दोन तट पडलेत. काका म्हणतात पैसे भरून टाकू, पुण्याला जाऊन पीजीचा अभ्यास कर, ही असली सक्ती म्हणजे गुलामीच. बाबा गप्प आहेत, कारण १० लाख म्हणजे कर्ज काढणं आलं. आजोबा पक्के बसवण्णांचे भक्त, त्यांचं म्हणणं एवढंच की कायक (मनापासूनचं काम) केलं की दासोह (समाजाला परत देणं) आलाच, त्यात विचारायचं काय.

मला जायची भीती नाही. टोचतंय ते वेगळंच. सेवा मनापासून करायची असते ना, मग सरकारनं मानेवर बसून करून घेतली तर त्यात माझं चांगुलपण कुठं राहिलं? सक्तीचा दासोह हा दासोह असतो का? आणि पैसे भरून निघून जायची मोकळीक म्हणाल तर ती ज्याच्या घरी १० लाख आहेत त्यालाच आहे. माझ्या बॅचमधल्या एकीचे वडील यंत्रमागावर आहेत, तिला हा प्रश्न पडायची सोयच नाही. नीट विचार करून सांगा प्लीज.

कलम_तेवीस

काकांना सांगा गुलामी हा शब्द कायद्यात बसत नाही. घटनेच्या कलम २३ नं वेठबिगारीवर बंदी आहे, पण त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात लिहिलंय की सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग एवढ्यावरून भेद करायचा नाही. २०१९ ला सुप्रीम कोर्टात पीजी आणि सुपरस्पेशालिटीच्या बॉन्डचं प्रकरण आलं होतं, तेव्हाही कोर्टानं राज्यांचे बॉन्ड कायम ठेवले. तुम्ही सही करून सीट घेतलीय, तुमच्या शिक्षणाचा बराचसा खर्च लोकांच्या टॅक्समधून झालाय, त्यामुळं देणं लागतं हे नक्की. पैसेवाला सुटतो हा तुमचा मुद्दा मात्र एकदम बरोबर आहे आणि माझ्या मते बॉन्डमधली खरी खोट तीच.

भैय्या_चौक

ताई काय विचार करूलालाव ओ, एकदा डॉ. कोटणीस स्मारकात जाऊन या. आपल्या सोलापूरचा माणूस, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, बाकीचे चौघे परत आले, हा तिथंच राहिला आणि १९४२ ला तिथंच गेला, वय फक्त ३२. तुम्हाला तर आपल्याच जिल्ह्यात जायचंय.

माजी_एमओ

@भैय्या_चौक, कोटणीसांबद्दल मलाही तेवढाच आदर आहे पण त्यांचं नाव घेऊन या पोरीला लाजवू नका. त्यांना कुणी सक्तीनं पाठवलं नव्हतं, स्वतःहून गेले आणि परत यायची वाट मोकळी असताना राहिले. त्यांचं मोठेपण त्यातच आहे, म्हणूनच ते कुणावर लादता येत नाही.

ताई, मी बॉन्डवरच पीएचसीला होतो, सगळा ऊसपट्टा. साध्या भागात ३० हजार लोकांमागं एक पीएचसी धरतात, त्यात हंगामात तोडीच्या टोळ्या येतात त्या वेगळ्या. एकदा पहाटे एक बाई आली, पोटात दुखतंय एवढंच सांगत होती. कोपीत (तोडकऱ्यांच्या झोपडीत) जमिनीवर झोपलेली, अंगावर चावल्याची खूण दिसत नव्हती. सिस्टर पोटदुखीचं इंजेक्शन भरायला लागल्या पण मला तिच्या पापण्या जड वाटल्या, वर बघ म्हटलं तर उघडेचनात. मण्यार चावली की हे असंच होतं, चावल्या जागी दुखत नाही, सूज नाही, म्हणून लक्षातच येत नाही. एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) १० व्हायल सलाईनमधून लावल्या, १०८ बोलावली आणि रस्त्यात श्वास अडकला तर म्हणून अम्बू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) घेऊन मीच गाडीत बसलो. वाचली बाई.

आता तुमचा प्रश्न. मला तिथं सक्तीनंच आणलं होतं, पण पापण्या बघ असं बॉन्डमध्ये कुठं लिहिलेलं नसतं. शेजारच्या केंद्रात माझ्यासारखाच बॉन्डवर आलेला एकजण होता, मस्टरवर सही करायचा आणि दुपारी गावाला पळायचा. कागद दोघांचा सारखाच होता. सरकार तुम्हाला खुर्चीपर्यंत आणू शकतं, पुढचं सगळं तुमच्या मर्जीवर असतं, आणि चांगुलपण राहिलं कुठं म्हणता ना, ते तिथंच राहतं.

सेटलमेंट_सोलापूर

गुलामी शब्दावर मला बोलायचंय. माझी आजी इथल्या सेटलमेंटात, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना डांबायची वस्ती, तिथं तारेच्या आत वाढली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, जन्मला तो गुन्हेगार, बाहेर जायला पास, आल्यावर हजेरी, मोठी माणसं मिलमध्ये कामाला जायची आणि परत तारेच्या आत. हा कायदा देशभरातून रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाली तरी आमची माणसं मोकळी नव्हती. म्हणून काकांना हात जोडून सांगा, डॉक्टर होऊन पगार घेऊन एक वर्ष नोकरी करणं याला गुलामी म्हणू नका.

आणि स्वातंत्र्य म्हणताना फक्त डॉक्टरचंच धरू नका. पोटुशी बाई कळा सुरू झाल्यावर जीपमध्ये बसून तालुक्याला जाते कारण गावच्या केंद्रात डॉक्टर नाही, तिच्याकडं कसली निवड आहे? एका माणसाची मोकळीक दुसऱ्याच्या जिवावर उभी असेल तर मला ती पटत नाही.

पूर्वभागातली_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सेटलमेंटवाल्या दादांची पोस्ट काकांना मोठ्यानं वाचून दाखवली, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, पण पीजी मागं पडेल हे त्यांचं म्हणणं अजून तसंच आहे आणि मलाही ते पूर्ण खोडता येत नाहीये. @माजी_एमओ सर, तिथं राहून अभ्यास होतो का? आणि जागा निवडताना काय बघू?

माजी_एमओ

होतो, पण संध्याकाळी दोन-तीन तास धरा, जास्त नाही, ओपीडीच्या दिवशी तेवढेही मिळत नाहीत. निवडायला मिळालं तर डिलिव्हरी होणारं केंद्र घ्या, काम जास्त पडेल पण हात तयार होतो. क्वार्टरला पाणी आणि दाराला आतून कडी आहे का हे जॉइन व्हायच्या आधी स्वतः जाऊन बघा, जाताना वडिलांना सोबत न्या. आणि पहिल्याच दिवशी फ्रीज उघडून एएसव्हीच्या व्हायल मोजा, एक्स्पायरी बघा.