विमानतळाचे कन्सेशन : विस्ताराचा खर्च शेवटी कोणाच्या माथी?

पायवाट (प्रश्न)
सरकारे आपले विमानतळ वीस-तीस वर्षांसाठी परदेशी कंपन्यांच्या गटाकडे सोपवतात (यालाच कन्सेशन म्हणतात) आणि जो उत्पन्नातला सर्वाधिक वाटा कबूल करतो, त्याला बहुधा काम मिळते. सांतियागोच्या विमानतळासाठी 2015 मध्ये निवडल्या गेलेल्या फ्रेंच-इटालियन गटाने चिली सरकारला 77.56 टक्के वाटा देऊ केला होता. उरलेल्या पाव हिश्श्याहूनही कमी पैशांत नवे टर्मिनल उभे राहते, कर्ज फिटते आणि नफाही उरतो, हे गणित मला समजलेले नाही.

हिशेबनीस
हे गणित भावी प्रवासीसंख्येवर उभे असते. बँका कर्ज देतात ते आजच्या उत्पन्नावर नव्हे, तर पुढच्या वीस वर्षांच्या अंदाजावर. म्हणून अंदाज फुगवला की बोलीही फुगते. सांतियागोत महासाथीमुळे प्रवासी एकाएकी आटले, तरी बांधकामाचे बंधन सुटले नाही आणि नवे आंतरराष्ट्रीय टर्मिनल फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाले. त्याआधीच, 2021 मध्ये, गटातील दोन्ही फ्रेंच कंपन्यांनी जागतिक बँकेच्या गुंतवणूक लवाद केंद्राकडे दाद मागितली होती. महासाथीची जोखीम कोणी सोसायची, हाच वादाचा मुद्दा.

दुसरे म्हणजे दुकानांचे उत्पन्न. सुरक्षा तपासणी संपताच वाट थेट ड्यूटी-फ्रीच्या कपाटांमधून वळणे घेत जाते, ती काही वास्तुविशारदाची लहर नसते. हे उत्पन्न विमानतळ शुल्क ठरवताना हिशेबात धरले (सिंगल टिल), तर शुल्क कमी राहते. वेगळे ठेवले (ड्युअल टिल), तर ते संचालकाच्या पदरात पडते आणि विस्ताराचा भार तिकिटातल्या शुल्कावर येतो. निविदेच्या बातम्यांत वाट्याचा आकडा ठळक छापतात, ही अट मात्र कोणी वाचत नाही.

उत्तरायण
बोली कशावर लावायची, हेच मला कळीचे वाटते. रिओच्या गालेआंव विमानतळासाठी 2013 मध्ये सिंगापूरच्या चांगी विमानतळ कंपनीचा समावेश असलेल्या गटाने 19 अब्ज रेआलची (रेआल हे ब्राझीलचे चलन) बोली लावली. किमान बोलीच्या ती जवळजवळ चौपट होती आणि ही रक्कम ठरलेल्या वार्षिक हप्त्यांत भरायची होती. पुढे ब्राझीलमध्ये मंदी आली, प्रवासी घटले, हप्ते मात्र तेच राहिले. अखेर 2022 मध्ये चांगीने विमानतळ परत करण्याची तयारी दाखवली. नंतरच्या लिलावांत ब्राझीलने वार्षिक देण्याचा काही भाग उत्पन्नाशी जोडला, तो बहुधा याच अनुभवातून.

पायवाट
म्हणजे दोष कायम बोली लावणाऱ्याचाच?

कोकणकडा
तसे म्हणता येणार नाही. लिमाचे कन्सेशन 2001 मध्ये दिले गेले, दुसरी धावपट्टी 2023 मध्ये आणि नवे टर्मिनल 2025 मध्ये सुरू झाले. विलंबाचे मोठे कारण जमीन हे होते, कारण विस्तारासाठी लागणारी जागा मोकळी करून देण्याची जबाबदारी पेरू सरकारवर होती आणि ती पुरी व्हायला वर्षानुवर्षे लागली. मालदीवची राजधानी मालेमध्ये तर शुल्कावरूनच बिनसले. भारतातील जीएमआर कंपनीच्या गटाला 2010 मध्ये पंचवीस वर्षांसाठी विमानतळ मिळाला. परदेशी जाणाऱ्या प्रवाशांकडून 25 डॉलरचे विकास शुल्क घेण्याचे ठरले. 2011 च्या अखेरीस न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि 2012 मध्ये, सरकार बदलल्यानंतर, करारच रद्द झाला. लवादाने 2016 मध्ये सुमारे 27 कोटी डॉलरची भरपाई ठरवली, ती मालदीवच्या तिजोरीतून.

हिशेबनीस
म्हणूनच करार वाचताना मी शेवटची प्रकरणे आधी उघडतो. किती प्रवासी झाल्यावर पुढचा टप्पा बांधणे बंधनकारक होते आणि करार मध्येच तुटला तर न फिटलेल्या गुंतवणुकीचे मूल्य कोण ठरवतो, हे तिथे लिहिलेले असते. ब्राझीलमधील नाताल विमानतळ मूळ संचालकाने परत केला, 2023 मध्ये त्याचा पुन्हा लिलाव झाला आणि झुरिक विमानतळाच्या कंपनीने तो घेतला. तिथेही आधी जुन्याची भरपाई ठरवावी लागली, मगच विमानतळ नव्याच्या हाती गेला.