अलास्कातील उन्हाळा: मासेमारी आणि अस्वलांचे दर्शन एकाच सहलीत कसे बसवावे?

नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार. येत्या जुलैच्या उत्तरार्धात आम्ही पाच जण दोन आठवड्यांसाठी अलास्काला जाणार आहोत: आम्ही दोघे, १२ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतले सासरे. सासऱ्यांना गळाने मासे पकडण्याची लहानपणापासून आवड आहे आणि समुद्रातून नदीत चढून येणारा सॅमन एकदा तरी स्वतःच्या हाताने पकडावा, ही त्यांची जुनी इच्छा आहे. मुलीला अस्वले पाहायची आहेत, आणि तीही धबधब्यात उभी राहून मासे पकडणारी. मुलाला देवमासा दिसला की पुरे.

आमच्या कच्च्या आराखड्यात अँकरेज, केनाई नदी, सुअर्ड, होमर, डेनाली आणि कॅटमाई अशी सगळी नावे आहेत, आणि ती यादी पाहून मलाच धास्ती वाटू लागली आहे. माझा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. ज्या नदीवर मासे पकडायचे, त्याच नदीवर अस्वलेही येतात, असे सगळीकडे वाचायला मिळते. अशा ठिकाणी लहान मुलांना घेऊन मासेमारी करणे कितपत योग्य आहे? की मासेमारीचे दिवस आणि वन्यप्राणी पाहण्याचे दिवस पूर्णपणे वेगळे ठेवावेत? ज्यांनी कुटुंबासह हा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तरायण

तुमच्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. अलास्कात मासा आणि अस्वल हे दोन वेगळे विषय नाहीत. जिथे सॅमन चढतो तिथे तपकिरी अस्वल येते, गरुड येतात, आणि कुक इनलेटसारख्या खाडीत तर त्या माशांच्या मागे पांढरे बेलुगा देवमासेही येतात. म्हणून सहलीचा आराखडा ठिकाणांच्या यादीवरून न करता सॅमनच्या वेळापत्रकावरून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दृष्टीने तुमचा काळ उत्तम आहे. केनाई नदीतील सॉकआय सॅमनची उशिराची मोठी लाट जुलैच्या उत्तरार्धात भरात असते, आणि कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातील ब्रुक्स धबधब्यावर अस्वलांची गर्दीही जुलैमध्येच सर्वाधिक असते. ऑगस्टमध्ये तिथली बरीच अस्वले इतरत्र पांगतात आणि सप्टेंबरमध्ये, अंडी घालून मरणारे मासे खाण्यासाठी, पुन्हा जमतात. त्यामुळे सासरे आणि मुलगी या दोघांचीही इच्छा एकाच पंधरवड्यात पूर्ण होऊ शकते.

आता काय गाळावे ते सांगतो. डेनाली गाळा. अँकरेजपासून उद्यानाचे प्रवेशद्वार सुमारे ३८० किलोमीटर उत्तरेला आहे, तर तुमचे बाकीचे सारे काही दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला आहे. शिवाय ऑगस्ट २०२१ मध्ये प्रिटी रॉक्स येथे जमीन खचत गेल्यामुळे उद्यानातील एकमेव रस्ता ४३व्या मैलाच्या पुढे बंद करावा लागला. तो कुठपर्यंत सुरू आहे हे पाहिल्याशिवाय तिथले काहीही आरक्षित करू नये. डेनाली ही स्वतंत्र सहलीची जागा आहे. होमरही गाळता येईल, पण सासऱ्यांना समुद्रातील हॅलिबट मासा पकडायचा असेल तर ते ठेवा.

उरतात अँकरेज, केनाई नदीकाठचे कूपर लँडिंग, सुअर्ड आणि कॅटमाई. अँकरेज ते कूपर लँडिंग साधारण १६० किलोमीटर आणि अँकरेज ते सुअर्ड साधारण २०० किलोमीटर आहे, आणि दोन्ही रस्ते बराच काळ एकच असतात. या रस्त्याचा पहिला टप्पा टर्नअगेन आर्म या खाडीच्या काठाने जातो. जुलैच्या मध्यापासून भरतीबरोबर बेलुगा आत येऊ लागतात, तेव्हा बेलुगा पॉइंटवर थोडा वेळ थांबून पाहावे. मात्र ओहोटीला उघड्या पडणाऱ्या तिथल्या चिखलावर मुलांना पाऊलही टाकू देऊ नका. हिमनद्यांनी दळून आणलेल्या बारीक गाळाचा तो चिखल वरून घट्ट दिसतो, पण त्यात पाय रुतला तर सुटत नाही, आणि भरती फार वेगाने येते.

मुलाच्या देवमाशासाठी सुअर्डहून निघणारी केनाई फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानाची बोट घ्या. हंपबॅक देवमासे, समुद्री पाणमांजरे, स्टेलर समुद्रसिंह आणि कड्यांवरचे पफिन पक्षी एकाच दिवसात दिसण्याची शक्यता तिथे चांगली असते. अलास्काच्या पाण्यात हंपबॅकच्या १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत बोट नेण्यास कायद्याने मनाई आहे, आणि जो नाखवा हे अंतर काटेकोर पाळतो त्याचीच बोट निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन.

तंगूस

मासेमारीविषयी लिहितो, कारण सासऱ्यांना नदीचा अनुभव असला तरी सॉकआय हा मासा त्यांनी आजवर पकडलेल्या माशांपेक्षा अगदी वेगळा वागतो.

नदीत शिरल्यावर सॉकआय खाणे जवळजवळ थांबवतो. समुद्रात साठवलेल्या चरबीवर तो जन्मस्थानापर्यंत पोहोचतो, अंडी घालतो आणि मरतो. त्यामुळे आमिष लावून वाट पाहण्याची पद्धत इथे निरुपयोगी ठरते. हे मासे प्रवाहाचा जोर टाळण्यासाठी काठाजवळच्या उथळ पाण्यातून थव्याने वर जातात. तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, छोटे वजन आणि कृत्रिम माशी (माशीसारखा सजवलेला गळ) लावून ती तळालगत प्रवाहाबरोबर वाहू दिली की तंगूस माशाच्या उघड्या तोंडातून सरकतो आणि गळ जबड्याच्या कडेला लागतो. गळ तोंडाऐवजी पोटात, पाठीत किंवा शेपटीत लागला तर तो मासा ताबडतोब सोडून देणे बंधनकारक आहे. याबाबतीत मुलांसमोर जराही सवलत घेऊ नये.

या पद्धतीचा मोठा फायदा असा की खोल पाण्यात उतरावे लागत नाही. उलट, लोक मांड्यांपर्यंत पाण्यात शिरतात तेव्हा ते माशांच्या वाटेतच उभे राहतात आणि थवा दूर ढकलतात. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहूनही सासऱ्यांना मासा मिळेल. केनाईचा सुंदर निळसर हिरवा रंग हिमनद्यांच्या दळलेल्या खडकाच्या भुकटीमुळे येतो आणि पाणी उन्हाळ्यातही अतिशय थंड असते. बोटीत बसणार असाल तर १३ वर्षांखालील मुलांनी उघड्या बोटीत जीवरक्षक जाकीट घालणे अलास्काच्या कायद्याने सक्तीचे आहे. काठावर उभे असतानाही ते अंगात राहू द्यावे.

परवान्याचे असे आहे: राज्याबाहेरून येणाऱ्या १६ वर्षांखालील मुलांना मासेमारीचा परवाना लागत नाही, पण तुमच्यापैकी जे मोठे स्वतः गळ टाकतील त्यांना तो लागतो. सात दिवसांचा परवाना ४५ डॉलरला आणि १४ दिवसांचा ७५ डॉलरला मिळतो. किंग सॅमनसाठी वेगळा शिक्का घ्यावा लागतो. पण अलीकडच्या वर्षांत किंगची संख्या इतकी घटली आहे की केनाईवर त्याची मासेमारी वारंवार पूर्ण बंद ठेवावी लागली, त्यामुळे त्याचा विचार सोडलेलाच बरा. राज्याचा मत्स्य व शिकार विभाग हंगामाच्या मध्यातही तातडीचे आदेश काढून मर्यादा वाढवतो किंवा कमी करतो, म्हणून नदीवर जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांचे संकेतस्थळ पाहणे हा नेम ठेवा. बूट घेताना तळाला फेल्ट (नमद्यासारखे जाड कापड) लावलेले घेऊ नका. त्या ओल्या तळातून रोगजंतू आणि शेवाळ एका नदीतून दुसऱ्या नदीत जातात, म्हणून गोड्या पाण्यात त्यांवर २०१२ मध्ये बंदी घालण्यात आली होती.

केनाईत इंद्रधनुषी ट्राउटही आहे, आणि तो पकडून सोडून देणे हीच तिथली चांगली रीत आहे. मुलीला ते जरूर शिकवा: गळाचा उलटा दात पक्कडीने दाबून सपाट करावा, माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत म्हणजे त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघत नाही, आणि छायाचित्रासाठी त्याला पाण्याबाहेर लोंबकळत ठेवू नये.

अस्वलवाट

मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा मी थोडा खोलात मांडते, कारण प्रश्नाचा गाभा तोच आहे.

रशियन नदी जिथे केनाईला मिळते, ती जागा सॉकआयसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे अस्वलेही नियमित येतात. त्या ठिकाणी धोका निर्माण होतो तो प्रामुख्याने माणसाने मागे टाकलेल्या गोष्टींतून: पकडून काठावर ठेवलेले मासे, डबे असलेली पिशवी, साफ केलेल्या माशाचे अवशेष. अस्वलाला एकदा कळले की माणूस दिसला की आयते खाणे मिळते, तर त्याचा शेवट बहुधा बंदुकीच्या गोळीने होतो. म्हणून पिशवी आणि पकडलेले मासे कायम हाताच्या अंतरावर ठेवावेत, आणि माशाचे अवशेष बारीक तुकडे करून वाहत्या, वेगवान धारेत टाकावेत. उथळ पाण्यात अख्खा सांगाडा टाकणे म्हणजे अस्वलाला बोलावणेच होय.

माशाशी झुंज चालू असताना अस्वल जवळ आले तर तंगूस कापून मासा जाऊ द्यावा. पाण्यात धडपडणाऱ्या माशाचा आवाज अस्वलाला लांबून ऐकू जातो. ब्रुक्स नदीवर तर अस्वल ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४६ मीटरच्या आत येताच मासेमारी थांबवलीच पाहिजे, असा नियम आहे. सासऱ्यांना हे आधीच समजावून सांगा, कारण जन्मभराच्या इच्छेचा मासा गळाला लागलेला असताना तंगूस कापायला मन सहज तयार होत नाही.

मुलांना दोनच गोष्टी पाठ करायला लावा. अस्वल दिसले तर पळायचे नाही; मोठ्यांना चिकटून उभे राहायचे, शांत आवाजात बोलायचे आणि सगळ्यांनी मिळून मागे सरायचे. मूस (तिथले अवाढव्य हरीण) अंगावर आला तर मात्र पळायचे आणि जाड झाडाच्या आड जायचे. लोकांना मूस गरीब वाटतो, पण अलास्कात अस्वलांपेक्षा मूसमुळे जखमी होणारे लोक अधिक असतात. पिल्लू जवळ असलेली मादी, कान मागे पाडलेले आणि मानेवरचे केस ताठ झालेले, असे दिसले की ती इशारा देत आहे. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा प्रवासी विमानात, हातातल्या किंवा आत दिलेल्याही सामानात, नेता येत नाही. तो तिथे पोहोचल्यावर विकत घ्या, कमरेला लावा, आणि तो मोठ्यांपैकी कोणाकडे असेल ते दररोज सकाळी ठरवा.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. डेनाली गाळले. पण कॅटमाईबद्दल मनात अजून शंका आहे. ८ वर्षांच्या मुलाला घेऊन ब्रुक्सला जावे, की अँकरेजहून छोट्या विमानाने लेक क्लार्क उद्यानाच्या किनाऱ्यावर जाऊन एका दिवसात अस्वले पाहून परत यावे?

उत्तरायण

मी लेक क्लार्क म्हणेन. चिनिटना उपसागराच्या किनाऱ्यावर अस्वले उघड्या कुरणात गवत खाताना आणि ओहोटीच्या वाळूत शिंपले उकरताना दिसतात. सोबत मार्गदर्शक असतो, गट छोटा असतो आणि दिवसभरात परत येता येते. ब्रुक्सला रस्ता नाही. अँकरेजहून किंग सॅमन गावापर्यंत विमान, तिथून पुढे पाण्यावर उतरणारे छोटे विमान किंवा बोट, आणि हवामान बिघडले की सगळा क्रम कोलमडतो.

अस्वलवाट

इथे माझे मत वेगळे आहे. मुलीने नेमके धबधब्यातले अस्वल मागितले आहे, आणि ते दृश्य लेक क्लार्कच्या किनाऱ्यावर मिळणार नाही. मुलांच्या दृष्टीने ब्रुक्स अधिक शिस्तशीर आहे, असे मी म्हणेन. पोहोचल्याबरोबर प्रत्येकाला रेंजरकडून अस्वलांविषयीची माहिती घ्यावीच लागते, खाद्यपदार्थ नेमून दिलेल्या जागीच ठेवावे लागतात, आणि धबधबा उंच लाकडी मचाणावरून पाहायचा असतो. गर्दीच्या दिवसांत मचाणावर थांबण्याची वेळ मर्यादित असते, पण तेवढ्या वेळातही पुष्कळ दिसते. मासे विपुल असतील तेव्हा अस्वल पूर्ण मासा खातही नाही. चरबीयुक्त कातडी, मेंदू आणि अंडी तेवढी खाऊन बाकीचे टाकून देते, आणि ते उरलेले पाणपक्ष्यांच्या, कीटकांच्या आणि शेवटी नदीकाठच्या झाडांच्या वाट्याला जाते. मुलीला हे मचाणावर उभे असताना सांगा.

ब्रुक्सच्या तळावर तंबूची जागा मात्र आता मिळणे अवघड आहे. तिचे आरक्षण जानेवारीच्या सुरुवातीला उघडते आणि जुलैच्या तारखा लगेच संपतात. एका दिवसाची फेरी ठरवा, ती सहलीच्या पहिल्या आठवड्यात ठेवा आणि तिच्या पाठोपाठचा दिवस रिकामा सोडा, म्हणजे धुक्यामुळे विमान रद्द झाले तरी दुसरी संधी राहील. केनाईवरचे दिवस त्यानंतर घ्या.

तंगूस

मीही ब्रुक्सच्याच बाजूने आहे, पण सासऱ्यांनी तिथे मासेमारीचा आग्रह धरू नये. ब्रुक्स नदीत फक्त माशीच्या गळानेच मासेमारी करता येते, आणि मुले सोबत असताना दर थोड्या वेळाने अस्वलासाठी पाण्यातून बाहेर यावे लागेल. त्यांचा सॅमन केनाईवर होऊ द्या. पकडलेले मासे कूपर लँडिंग किंवा सोल्डोट्ना परिसरात साफ करून, हवाबंद पाकिटात गोठवून मिळतात. परतीच्या विमानात ते नेण्यासाठी पेटीचे वजन आणि विमान कंपनीचे नियम आधी विचारून घ्या.

नदीकाठ

ठरले. पहिल्या आठवड्यात ब्रुक्सची एक फेरी आणि पाठोपाठ मोकळा दिवस, मग सुअर्डची बोट, आणि शेवटचे दिवस कूपर लँडिंगला. होमर गाळत आहोत. तंगूस कापण्याचा नियम सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी पक्कड आणि छोटी कात्री आजच सामानात वेगळी काढून ठेवली आहे. आता फक्त एक विचारते: केनाईच्या काठावर डासांचा त्रास जुलैअखेरीस किती असतो, आणि मुलांना डोक्यावरची जाळी घालून दिवसभर वावरता येते का?

अस्वलवाट

वाऱ्याच्या दिवशी त्रास कमी, ढगाळ आणि स्थिर हवेत पुष्कळ. नदीच्या उघड्या काठावर जाळी क्वचितच लागते, पण झाडीतून जाणाऱ्या पायवाटेवर ती हवीच. पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे द्या. मुलांना रात्री झोपवण्यासाठी डोळ्यांवरच्या पट्ट्याही न्या, कारण जुलैच्या उत्तरार्धातही तिथे रात्री अकरानंतरही उजेड रेंगाळतो.