ड्राय रिफॉर्मिंग: मिथेनचं रूपांतरण स्थिर, पण बेडचा दाब चढतोय

रिॲक्टर_०७
ड्राय रिफॉर्मिंग करतोय, म्हणजे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडपासून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड. कॅटॅलिस्ट गॅमा ॲल्युमिनावर १० टक्के निकेल. इम्प्रेग्नेशननंतर (निकेलचं द्रावण ॲल्युमिनात मुरवल्यावर) ५०० °से. ला ४ तास कॅल्सिनेशन (भाजणं), मग ७०० ला हायड्रोजनमध्ये रिडक्शन (ऑक्साइडचं धातूरूप निकेल करणं). रिॲक्शन ६५० ला, वातावरणीय दाबावर. फीडमध्ये मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन ४०:४०:२०. मिथेनचं रूपांतरण तासन्‌तास हलत नाही, पण बेडच्या (कॅटॅलिस्टच्या थराच्या) आधीचा दाब चढत जातो आणि शेवटी फ्लो अडतो. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं गुणोत्तर ०.८. कोकिंग (कॅटॅलिस्टवर कार्बन साचणं) असेल तर ॲक्टिव्हिटी आधी पडायला नको का?

कणाद_कॅट
नाही. निकेलवर कार्बनचे तंतू वाढतात आणि निकेलचा कण त्यांच्या टोकावर उचलला जातो. कणाचा पृष्ठभाग उघडाच राहतो, म्हणून रूपांतरण टिकतं. पण तंतू बेडमधल्या मोकळ्या जागा भरतात.

६५० ही त्यासाठी सगळ्यांत वाईट जागा. मिथेनचं विघटन साधारण ५५० च्या पुढे जोर धरतं आणि कार्बन मोनॉक्साइडपासून कार्बन सुटणं ७०० च्या खाली, म्हणजे तुमच्याकडे दोन्ही वाटा उघड्या आहेत. ७५०–८०० वर जा. तिथेही १:१ फीडला कार्बन पूर्ण टळत नाही, म्हणून निकेलचे कण लहान हवेत, १० नॅनोमीटरच्या आत. १० टक्के लोडिंगला ते अवघड; ५ टक्के पुरे.

सपोर्टही (निकेल ज्यावर बसतं तो पदार्थ) बदला. ॲल्युमिनावर मॅग्नेशियम नायट्रेट चढवून ८०० ला भाजा, स्पिनेल (मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं संयुक्त ऑक्साइड) होऊ द्या, निकेल त्यानंतर. ९.५ ग्रॅम सपोर्टला २.४८ ग्रॅम निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेट. निकेल चढवल्यावर मात्र ५५० च्या वर भाजू नका, नाहीतर रिडक्शन अवघड होतं.

०.८ ची काळजी नको. तयार झालेला हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी भिडून पाणी होतो, गुणोत्तर १ च्या खाली येणारच.

जीसी_आणि_मी
रूपांतरण मोजताय कसं? या रिॲक्शनमध्ये २ मोलचे ४ होतात. तुमच्या फीडला खरं रूपांतरण ८० टक्के असेल तर १०० चा फ्लो १६४ होतो आणि मिथेन ४.९ टक्के दिसतं. नुसती टक्केवारी ४० शी ताडली तर उत्तर ८८ येतं. नायट्रोजन आहेच, तो रिॲक्शनमध्ये भाग घेत नाही, त्यालाच इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेचं माप) धरा.

शिवाय समतोलाला (त्या तापमानाला शक्य असलेल्या कमाल रूपांतरणाला) टेकलेला बेड अर्धा मेला तरी आकडा हलत नाही. स्थिरता तपासायची तर कॅटॅलिस्ट कमी करा, क्वार्ट्झची भुकटी मिसळा आणि रूपांतरण समतोलाच्या बरंच खाली ठेवा.

रिॲक्टर_०७
समजलं. हाच बेड हवेत जाळून परत वापरता येईल?

कणाद_कॅट
नुसती हवा नको. कार्बन जळताना बेड आतून तापतो आणि निकेलचे कण एकमेकांत मिसळतात. नायट्रोजनमध्ये २ टक्के ऑक्सिजन घ्या, ४५० पासून हळू चढवा, थर्मोकपल बेडच्या आत हवा. टोकावर गेलेलं निकेल मात्र सपोर्टवर जागच्या जागी बसत नाही, त्यामुळे पुढच्या खेपेला कण मोठे आणि कार्बन जास्त.

आणि बंद करताना गरम असतानाच फीड तोडून नायट्रोजन सोडा. २०० च्या खाली निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड एकत्र राहिले तर निकेल कार्बोनिल बनू शकतं. ते अत्यंत विषारी आहे, या बाबतीत तडजोड नाही.