वजडी पचते, मग आपलं आतडं का पचत नाही?

रानवारा:
मंडळी, एक शंका आहे. धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात. परवा शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन ८६० आलं, ५० च्या आत हवं म्हणे. डॉक्टर घाईत होते, एवढंच म्हणाले, "पांढऱ्या पेशींची एन्झाइम्स आतडं खातायत." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आम्ही रविवारी वजडी खातो, म्हणजे बोकडाचं पोट-आतडंच की. ती बिनबोभाट पचते. मग त्याच रसात आपलं आतडं टिकतं कसं? आणि एन्झाइमच खात असेल तर ते रोखणारं औषध का देत नाहीत? शेजारचे काका सेराटिओची गोळी द्या म्हणतात, सूज उतरते म्हणे. पण तेही एन्झाइमच ना?

खादाडखाऊ:
कॅलप्रोटेक्टिन हेच ते खाणारं एन्झाइम का? आमच्या मेव्हण्याचंही वाढलं होतं. (वजडीचं नाव काढलंत, आता जेवणापर्यंत धीर नाही.)

पॅराफिनताई:
मी हिस्टोपॅथॉलॉजीवाली, दिवसभर बायोप्सीच बघते, म्हणून जरा लांबड लावते.

आधी वजडी. स्वादुपिंड ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, तयार सोडतच नाही. सोडतं ते ट्रिप्सिनोजेन, निष्क्रिय. लहान आतड्याच्या सुरुवातीला अस्तरावर एन्टेरोकायनेज नावाचं दुसरं एन्झाइम बसलेलं असतं, ते त्याचा छोटा तुकडा छाटतं आणि मग ट्रिप्सिन कामाला लागतं. आतड्यावर श्लेष्माचा थर, त्याखालच्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्या, आणि रक्तात अल्फा-१ अँटिट्रिप्सिनसारखे आवर घालणारे. बोकड कापल्यावर यातलं काही चालू राहत नाही, वर तुम्ही कुकरच्या शिट्ट्या काढता. मोठ्या आतड्यात तर २०२२ मध्ये जपानी संशोधकांना आणखी एक राखणदार सापडला. पॅराप्रेव्होटेला क्लारा नावाचा तिथलाच जंतू ट्रिप्सिनला अंगावर ओढून घेतो आणि ट्रिप्सिन तिथे स्वतःलाच कापून संपतं. मला हे भारी आवडलं.

भावाच्या आतड्यातले मुख्य संशयित वेगळे. निरोगी मोठ्या आतड्याच्या स्लाइडवर क्रिप्ट्स, म्हणजे अस्तरातल्या बारीक खाचा, परीक्षानळ्यांसारख्या शेजारी शेजारी उभ्या दिसतात. कोलायटिसमध्ये त्या वाकड्या होतात, त्यांना फाटे फुटतात आणि पोकळीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दाटतात. केंद्रकाचे जांभळे तीन-चार तुकडे, भोवती गुलाबी राडा. याला आम्ही क्रिप्ट अ‍ॅब्सेस म्हणतो. या पेशींच्या कणांत इलास्टेज, प्रोटीनेज-३, एमएमपी-८ आणि एमएमपी-९ ही प्रथिनं कापणारी एन्झाइम्स भरलेली असतात. जंतूंसाठी ठेवलेली ही शस्त्रं बाहेर सांडली की अस्तराखालचं कोलॅजन (आधार देणारं प्रथिन) आणि इतर प्रथिनं कापली जातात. सुजेच्या इशाऱ्यावर आतड्याच्याच फायब्रोब्लास्ट पेशी एमएमपी-१ आणि ३ सोडतात. पेशींच्या पायाखालची जमीनच गेली की त्या गळतात, तिथे अल्सर. कॅलप्रोटेक्टिन मात्र एन्झाइम नव्हे, न्यूट्रोफिलमधलं एक प्रथिन. पाहुणे किती आले ते कळतं, त्यांनी काय खाल्लं ते नाही.

मग रोखत का नाहीत? प्रयत्न झालेत. कोलॅजन कापणारं एन्झाइम १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत सापडलं, शेपूट विरघळते ती त्याच्याच जोरावर. म्हणजे कापणं हे शरीराचं रोजचं काम आहे. जखम भरताना नव्या पेशींना पुढे सरकायलाही हीच एन्झाइम्स लागतात. सरसकट सगळी एमएमपी दाबणारी औषधं कॅन्सरमध्ये वापरून पाहिली तेव्हा रुग्णांचे सांधे दुखायला लागले. एकट्या एमएमपी-९ विरुद्धच्या अँटिबॉडीची कोलायटिसमध्ये चाचणी झाली, पण फायदा दिसेना म्हणून ती थांबवली. म्हणून आजची औषधं पाहुण्यांना दारातच अडवतात, सूज उतरवतात. माझ्या मते शहाणपणाचं तेच.

उलटी बाजूही बघा. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात डुकराच्या मेजवानीनंतर मुलांच्या लहान आतड्याचे पट्टेच्या पट्टे मरत. आजाराचं नाव पिग-बेल. क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स 'सी' या जंतूचं बीटा विष प्रथिनच असतं, ट्रिप्सिन ते सहज मोडतं. पण तिथे रोजचं खाणं रताळ्यांचं. प्रथिनं कमी म्हणून ट्रिप्सिन कमी, रताळ्यात ट्रिप्सिनला अडवणारे घटक, आणि पोटातले जंतही तसलंच काही सोडणारे. १९८० च्या दशकात या विषावरची लस दिली आणि रुग्ण झपाट्याने घटले. प्रथिनं कापणारं एन्झाइम कमी पडलं म्हणून आतडं गेलं, असा हा प्रकार.

काउंटरवाला:
ताईंनी सेराटिओ राहू दिलं, ते मी सांगतो. दुकानात पंधरा वर्षं गेली. ही गोळी सूज उतरवते याला भक्कम पुरावा नाही. पण खरी भानगड वेगळी. सेराटिओ म्हणून जी स्ट्रिप मिळते तीत बहुतेक वेळा असेक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक असतं. या वेदनाशामकांनी कोलायटिस भडकू शकतो. मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय भावाला देऊ नका.

रानवारा:
स्ट्रिप बघितली. सेराटिओपेप्टिडेज, असेक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल. काकांना हात जोडून परत केली. ताई, आता आईचं नवीनच. तुमचं पिग-बेल तिला वाचून दाखवलं, तर एकादशीची रताळी बंद करू का म्हणते.

पॅराफिनताई:
अहो, आईंना खुशाल खाऊ द्या. एक दिवसाच्या उपासाने स्वादुपिंड आटत नाही, आणि बाकीचे दिवस डाळ-उसळ पोटात जातेच. तिकडे रताळं हेच रोजचं जेवण होतं, शिवाय तो जंतूही पोटात जायला हवा. भावाला मात्र सूज भडकलेली असेपर्यंत काय सोसतं ते त्याच्या डॉक्टरांना विचारा. आणि ताप आला, पोट फुगून कडक झालं किंवा रक्त वाढलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा.