ग्वांगचौचे ‘दगडी घर’

दक्षिण चीनमधील ग्वांगचौ शहराचे सेक्रेड हार्ट कॅथेड्रल (मुख्य चर्च), म्हणजेच ‘दगडी घर’, ही फ्रेंच गॉथिक या टोकदार कमानींच्या वास्तुशैलीची निव्वळ नक्कल आहे, हे मत मला पटत नाही. १८६३ ते १८८८ अशी पंचवीस वर्षे चाललेल्या या बांधकामाचा आराखडा फ्रेंच असला, तरी ग्रॅनाइटचे चिरे घडवून ते रचण्याचे अवघड काम त्साय श्याओ या चिनी पाथरवटाच्या देखरेखीखाली पार पडले, आणि पावसाचे पाणी बाहेर फेकणाऱ्या पन्हळींच्या तोंडाशी युरोपीय राक्षसांऐवजी चिनी सिंह आले. कारागिरांचे हे श्रेय नाकारणे अन्यायाचे आहे. जागेचा इतिहास मात्र क्लेशदायक आहे: ब्रिटन-फ्रान्स आणि चीन यांच्यातील दुसऱ्या अफूच्या युद्धात उद्ध्वस्त झालेला चिनी व्हाइसरॉय (प्रांतप्रमुख) ये मिंगचेन यांचा वाडा इथेच होता, त्यांना ब्रिटिशांनी कैद करून कोलकात्यास नेले आणि १८५९ मध्ये ते तिथेच वारले.