ब्लूगिल मासे जिगची शेपूट ओढून पळतात, गळ तोंडात घेतच नाहीत! हाताने बांधलेल्या जिगबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हिवाळाभर वाइससमोर (गळ पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यासमोर) बसून केसांचे जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर केस बांधून केलेली खोटी आमिषं, बांधायला शिकलो. चार-पाच डझन तरी झाले असतील. दिसायला झकास, बायको म्हणते कानात घालण्यासारखे आहेत. मासे मात्र तिच्याशी सहमत दिसत नाहीत.

जिग असा आहे: 1/32 औंसाचं (जेमतेम 0.9 ग्रॅम) शिशाचं गोल डोकं, 8 नंबरचा गळ, अंगाला शेनिल (मऊ, लवदार दोरा) आणि मागे हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, म्हणजे बकटेल. केस गळाच्या बाकापलीकडे बोटाच्या एका पेराएवढे जातात. लाईन 4 पाउंडांचा ताण सोसणारी, वर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा बोंड), जिग साधारण तीन फूट खाली.

फ्लोट टकटक हलतो, थोडा आडवा सरकतो, मी झटका देतो आणि हातात येतो रिकामा जिग. काल पाणी नितळ होतं, म्हणून काठाशीच जिग सोडून वाकून बघत बसलो. एक तळहाताएवढा ब्लूगिल आला. दोन बोटांवर थांबला, चांगला निरखून बघितलं, मग केसांचं टोक तेवढं चिमटीत धरल्यासारखं धरलं, ओढलं आणि सोडून दिलं. गळ त्याच्या तोंडापासून चांगला लांबच होता! नंतर आलेल्या दोघांनीही तेच केलं.

केस कात्रीने आखूड करून पाहिले, तर दाढीचा ब्रश तयार झाला. शिवाय जिग नाक खाली करून लटकतो, त्याने काही बिघडतं का?

आणि कृपया ‘गळाला अळी लाव’ असं सांगू नका. अळीने मासे लागतात हे मलाही माहीत आहे. मला केसांवरच पकडायचे आहेत.

प्रतिसाद १

दोष माशांचा नाही, बकटेलचा आहे. त्या शेपटीचे बुडाकडचे केस पोकळ असतात. दोरा आवळला की फुलारतात आणि एवढ्या लहान जिगवर काडीसारखे ताठ राहतात. मोठ्या जिगला ते छान, इथे नको. मॅराबूचं, म्हणजे अगदी मऊ, भुरभुरीत पीस घ्या. फ्लोट स्थिर असला तरी पाण्याच्या नुसत्या हेलकाव्याने ते हलत राहतं.

एका पिसाचं टोक पुरे. बांधायच्या आधी थुंकी लावून ओलं करून बघा, कोरडं असताना जे गुबगुबीत वाटतं ते ओलं झाल्यावर काडेपेटीतल्या काडीएवढं होतं. तीच त्याची खरी जाडी. शेपूट गळाच्या बाकापर्यंत, फार तर किंचित पुढे. जास्तीचं कात्रीने कापू नका, नखाने खुडा, म्हणजे टोकं बोथट होत नाहीत.

ब्लूगिलचं तोंड लहान. तो आमिष चावत नाही, पाण्यासकट आत ओढतो. म्हणून 1/64 औंस आणि 10 नंबरचा गळ करून बघा. क्रॅपी या दुसऱ्या माशासाठी मात्र तुमचा 1/32 चालेल. त्याचं लक्ष वरच्या बाजूला असतं, त्यामुळे जिग त्याच्या पातळीच्या थोडा वरच ठेवा. आणि झटका आवरा, त्याच्या तोंडाची कातडी कागदासारखी फाटते.

प्रतिसाद २

नाक खाली जातंय कारण लाईनची गाठ गळाच्या कडीच्या मागच्या टोकाला सरकलीये. गाठ घट्ट आवळून कडीच्या बरोबर माथ्यावर आणा, जिग आडवा तरंगेल. मासा लागला किंवा नुसती ओढ बसली तरी ती पुन्हा सरकते, दर वेळी बोटाने जागेवर आणायची. कंटाळवाणं आहे, पण मी एवढ्यासाठीच काठावर चष्मा घेऊन जातो. फ्लोटही लहान करा. मोठा फ्लोट खाली ओढताना माशाला जोर लावावा लागतो, तो लगेच थुंकतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार! काल रात्री मॅराबूचे तीन बांधले, आज सकाळी त्यातल्या एकावरच सात ब्लूगिल. सातही वरच्या ओठात! गाठ बारा-पंधरा वेळा तरी सरकवली असेल.

उरलेल्या दोघांचा मात्र बोऱ्या वाजला. दोऱ्यावर लावलेलं नेलपॉलिश पिसात झिरपलं आणि शेपटीचा खिळा झाला. यावर काय करता?

प्रतिसाद १

बाटलीतला ब्रश वापरू नका. सुईच्या टोकावर एक थेंब घ्या आणि फक्त दोऱ्यावर फिरवा. त्याआधी पीस ओल्या बोटांनी मागे चापून बसवा, दोरा तेवढा कोरडा राहू द्या.